हरिवल्लभच्या मेळ्यात मुलांना जागा कशी मिळाली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावात शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुलांसाठी दरवर्षी एक महोत्सव सुरू करायचा आहे. जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात लहान वयात गायलेले काही जण पुढे फार मोठे झाले, असे तुम्ही ऐकले आहे. ते संमेलन मुलांसाठीच होते का, त्याचा इतिहास काय, आणि त्यातले आपल्याकडे काय घेता येईल?

मी गाणे शिकवतो, मुलांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो आणि आमच्या गुरुजींच्या पुण्यतिथीची सभा भरवणाऱ्यांपैकी एक आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक गोष्ट साफ करतो. हरिवल्लभ मुलांसाठी म्हणून कधीच सुरू झाले नाही. ती एका साधूची बरसी, म्हणजे पुण्यतिथीची सभा होती, आणि मुलांना तिथे खरी जागा मिळाली ती त्यामुळेच, असे माझे मत आहे. खास मुलांसाठी भरवलेल्या कार्यक्रमात श्रोते कोण असतात, हे तुम्ही पाहिले असेलच. आईवडील, आजी, एखादा मामा. आपल्या पोराचे झाले की मंडळी उठतात, आणि शेवटच्या मुलाला रिकाम्या खुर्च्यांसमोर गावे लागते. जालंधरला तसे झाले नाही, त्यामागे कारणे आहेत.

जालंधर शहरात देवी तलाव नावाचे जुने देवस्थान आहे. भाविक त्याला शक्तिपीठ मानतात. एकोणिसाव्या शतकात इथे स्वामी तुलजागिरी नावाचे साधू होते. त्यांचे शिष्य स्वामी हरिवल्लभ हे होशियारपूरजवळच्या बजवाड्याचे, स्वतः गाणारे. गुरूंनी देह ठेवला, आणि १८७५ मध्ये त्यांच्या बरसीला हरिवल्लभांनी साधूंना नि गवयांना बोलावून देवी तलावावर गाणे केले. पुढच्या वर्षी पुन्हा केले. १८८५ मध्ये हरिवल्लभ गेले, तरी प्रथा मोडली नाही. त्यांचे शिष्य तोलोराम यांनी ती अनेक दशके चालवली, त्यांच्यानंतर महंत द्वारकादासांनी. संमेलन हे भारदस्त नाव नंतरचे. लोकांसाठी तो हरिवल्लभचा मेळा होता आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही तोच शब्द असतो. १८७५ पासून मोजले तर दीडशे वर्षे झाली. आपल्या देशात इतका जुना आणि आजही भरणारा दुसरा संगीतोत्सव मला माहीत नाही.

मेळा भरतो डिसेंबरच्या शेवटी, म्हणजे पंजाबात हाडे गोठवणाऱ्या थंडीत. लोक रजया नि कांबळी पांघरून रात्र रात्र बसत. तिकीट नाही. देवस्थानात दर्शनाला आलेला माणूसही गाणे ऐकायला टेकतो. आजूबाजूचा मुलूख गाण्याचा. शामचौरासी, कपूरथळा, तलवंडी, पतियाळा ही नावे घराण्यांच्या निमित्ताने आपल्यालाही ठाऊक असतात. ती सगळी या टापूतली. फाळणीपूर्वी लाहोरहून जालंधरला यायला आगगाडीने काही तास लागत. त्यामुळे मेळ्यात गाणाऱ्यासमोर जे बसत, त्यांत शेतकरी, दुकानदार, साधू असत, आणि त्यांच्यातच तीन-चार खाँसाहेबही बसलेले असत.

बरसीत गाण्याचे नियम मैफिलीच्या नियमांपेक्षा वेगळे असतात. मैफिलीला कलाकार बोलावलेला असतो, बिदागी ठरलेली असते, लोक त्याच्या नावावर जमतात. बरसीला जो तो हजेरी लावायला येतो. समाधीसमोर चार आवर्तने गायली तरी हजेरी लागते. तिथे मोठ्या उस्तादालाही ‘मी आलो आहे’ एवढेच सांगायचे असते, मग दहा वर्षांच्या पोराला नाही कोण म्हणणार? आपल्याकडे मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात जी सभा होते, तिथे याची चव आजही मिळते. दक्षिणेत तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या आराधनेत त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच निवडक रचना, सगळे मिळून गातात. तिथे नामवंत विद्वानांच्या मांडीला मांडी लावून शाळकरी मुले बसलेली दिसतात. अमेरिकेत क्लीव्हलंडला १९७८ पासून त्यागराजांच्याच नावाने उत्सव भरतो, त्यातही मुलांचा भाग फार मोठा. देश बदलला, पद्धत बदलली नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने जमलेल्या सभेत लहान-मोठ्याचा हिशेब ढिला होतो.

आता मराठी माणसाचा या मेळ्याशी संबंध. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, १८९६ मध्ये बाहेर पडले आणि फिरत फिरत पंजाबात पोचले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्या काळात हरिवल्लभच्या मेळ्याशी त्यांचा संबंध आला आणि पुढे त्यांच्या शिष्यपरिवारानेही तो सोडला नाही. पलुस्करांच्या शाळेत मुलांनी रांगेत बसून, वही घेऊन, ठरलेल्या अभ्यासक्रमाने गाणे शिकायचे होते. मेळ्यातली तालीम घराण्यातली, बापाकडून मुलाकडे जाणारी. दोन्ही पद्धतींची मुले एका मंचावर येऊ लागली. शाळेच्या या पद्धतीने पंजाबातल्या मिरासी नि रबाबी या पिढीजात गवयांची जुनी जागा आकसली, असाही एक आक्षेप आहे. तो मला खोटा वाटत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

विष्णु दिगंबर १९३१ मध्ये गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनी, विशेषतः विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी, त्याला शिकवले. पहिले जाहीर गाणे करायची वेळ आली तेव्हा त्याला पुण्यात किंवा मुंबईत बसवले नाही. १९३५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो हरिवल्लभला गायला. हेच पुढचे डी. व्ही. पलुस्कर. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. महाराष्ट्रात तो ‘बुवांचा मुलगा’ म्हणून ऐकला गेला असता, कौतुकाने किंवा तुलनेने. जालंधरलाही वडिलांना ओळखणारे होते, पण समोरची सभा खूप मोठी आणि मिश्र होती, शिवाय ती कोणा एका गवयाच्या नावावर जमलेली नव्हती. तिथे पोराला स्वतःचा षड्ज स्वतःच लावावा लागला.

त्याच सुमाराला जालंधरमध्ये आणखी एक मुलगा होता. गदगहून गाण्यासाठी घर सोडून पळालेला, ग्वाल्हेर, कोलकाता, दिल्ली असे फिरून इथे आलेला, आणि भगत मंगतराम या अंध धृपद-गायकांकडे शिकणारा. भीमसेन जोशी. मेळ्यात मोठमोठे गवई ऐकायला मिळतात, हे त्याला तिथे राहण्याचे एक कारण होते. संमेलनाला आलेल्या विनायकराव पटवर्धनांना हा आपल्या बाजूचा मुलगा एवढ्या लांब पाहून नवल वाटले. गुरू शोधत इतका दूर कशाला आलास, तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा, असे त्यांनी सांगितले. मुलगा परत फिरला आणि १९३६ मध्ये कुंदगोळला रामभाऊंकडे, म्हणजे सवाई गंधर्वांकडेच, त्याची तालीम सुरू झाली.

तुमच्या मंडळाच्या बैठकीत हा प्रसंग जरूर सांगा. भीमसेन त्या वेळी तिथे कलाकार नव्हते, श्रोत्यांतले एक पोर होते. महोत्सवाने त्यांना मंच दिला नाही, बक्षीस दिले नाही. एका जाणत्या माणसाशी गाठ घालून दिली आणि त्या माणसाने पत्ता दिला. मुलांच्या महोत्सवाचा आराखडा करताना सगळे लक्ष गाणाऱ्या मुलांवर जाते. ऐकायला आलेल्या मुलांसाठी काय केले, हे कोणी विचारत नाही. पाहुण्या कलाकाराला कार्यक्रमानंतर थेट जेवायला नेऊन बसवू नका. अर्धा तास मुलांत बसू द्या, सभागृहातच, हारतुऱ्यांशिवाय.

तिसरे उदाहरण शामचौरासीचे. सलामत अली खाँ आणि त्यांचे थोरले भाऊ नजाकत अली खाँ हे दोघे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हरिवल्लभला गायले, तेव्हा सलामत सात-आठ वर्षांचा होता. एवढ्या वयात ख्याल गाणारे पोर पाहून लोक चकित झाले, हे ओघानेच आले. पण पोराच्या करामतीला फसणारी ती सभा नव्हती. पंजाबच्या श्रोत्याला लयीचा कान असतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली की मागच्या रांगेतल्या माणसाची मानही थांबते. पुढे ही जोडी उपखंडभर गाजली. १९४७ मध्ये ते कुटुंब पाकिस्तानात गेले, आणि असे कितीतरी गेले. मेळा राहिला, त्यात गाणारी निम्मी घराणी सीमेपार गेली. जालंधर निर्वासितांनी भरले होते. तरीही स्वातंत्र्यानंतर मेळा पुन्हा नीट उभा राहिला, त्यात अश्विनी कुमार यांचा मोठा वाटा. पंजाबातले पोलीस अधिकारी, हॉकीच्या संघटनेतले मोठे नाव, आणि दीर्घकाळ हरिवल्लभ संगीत महासभेचे अध्यक्ष. संस्थेला गवयांइतकीच अशा माणसांची गरज असते. देशभरातून कलाकार येऊ लागले आणि प्रादेशिक मेळ्याचे अखिल भारतीय संमेलन झाले.

पण कार्यक्रम मोठा झाला की हजेरीची ढिलाई जाते. वेळा ठरतात, क्रम ठरतो, नावाजलेल्यांची यादी होते, आणि कोणाही पोराला ‘बस, गा’ म्हणता येत नाही. मग मुलांसाठी वेगळे दार करावे लागते. हरिवल्लभला ते दार म्हणजे संमेलनाच्या आधीच्या दिवसांत होणारी संगीत स्पर्धा. गायन, वादन आणि तालवाद्ये असे विभाग, वयाप्रमाणे गट, आणि निरनिराळ्या प्रांतांतून येणारी मुले. आपल्या सवाई गंधर्व महोत्सवाचीही गोष्ट फार वेगळी नाही. जालंधरहून परतलेल्या त्या मुलाने, म्हणजे भीमसेनांनी, गुरूंच्या निधनानंतर, १९५३ पासून, पुण्यात सभा सुरू केली, तीही पुण्यतिथी म्हणूनच. आज तिथे एखाद्या तरुण नावाला जागा मिळते तेव्हा ती बरीच पारख होऊन मिळते.

स्पर्धेविषयी माझे मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. स्पर्धा वाईट नाही. मुलगा तयारी करतो, तारीख डोळ्यांसमोर असते, बरोबरीचे काय गातात हे कळते. पण परीक्षक म्हणून बसलो की दुपारपर्यंत एकच गाणे वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकल्यासारखे वाटू लागते. विलंबितात दोन आलाप, लगेच बोलताना, मग सरगम, मग द्रुत बंदिश, शेवटी पाठ केलेली तिहाई आणि टाळ्या. गुरुजींनी घड्याळ लावून बसवलेले गाणे. दहा मिनिटांत गुण मिळवायचे असतील तर दुसरे काय करणार? मुलाचा दोष नाही, रचनेचा आहे. हजेरीत असे होत नाही. तिथे पोराने नुसता यमन पंधरा मिनिटे शांतपणे गायला तरी चालतो, कारण कोणी गुण मोजत नसतो, आणि चुकला तर पुढच्या वर्षी पुन्हा यायचेच असते.

म्हणून तुमच्या महोत्सवासाठी माझी पहिली सूचना अशी: ‘बाल कलाकार महोत्सव’ असे नाव देऊ नका. तुमच्या गावात कोणी जुने गायनमास्तर, पेटीवाले, तबल्याचे गुरुजी होऊन गेले असतील. प्रत्येक तालुक्याला असा एक माणूस असतो, ज्याच्याकडे अर्धे गाव सा-रे-ग-म शिकले. त्यांच्या पुण्यतिथीला सभा धरा. त्यांचे जुने विद्यार्थी, आता साठीत आलेले, आपोआप येतील, आणि मुलांना आईवडिलांखेरीज श्रोते मिळतील. प्रमुख कलाकार शेवटी न ठेवता मुलांच्या मध्ये ठेवा. तो आला की लोक बसलेले असतात, त्याचे संपले तरी पुढच्या मुलासाठी निदान निम्मे थांबतात. आणि त्याला आधीच सांगून ठेवा की आपले झाल्यावर पुढच्या दोन मुलांचे ऐकूनच निघायचे आहे. चांगला कलाकार याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो त्याला पुढच्या वर्षी बोलावू नका.

आता तबलजीचा प्रश्न, कारण मुलांचे गाणे बहुतेक वेळा तिथे मोडते. एकाच वादकाला सलग बारा-पंधरा मुलांच्या साथीला बसवतात. प्रत्येकाची लय वेगळी, स्वर वेगळा. मुलींचा सा पेटीच्या काळी चार किंवा काळी पाच या पट्टीचा, लहान मुलांचाही तोच, मधेच आवाज फुटू लागलेला एखादा चौदा वर्षांचा मुलगा कुठे बसतो ते त्यालाच माहीत नसते. दर वेळी तबला चढवायचा-उतरवायचा म्हणजे पाच मिनिटे गेली, आणि घाईत अर्धवट लागलेला तबला घेऊन पोर गायला बसते. मुलांचे गट स्वराप्रमाणे लावा: काळी चारची एकापाठोपाठ, मग काळी पाचची, मग खालच्या स्वराची. दोन-तीन तबले आधीच लावून ठेवा. वयाप्रमाणे किंवा वर्गाप्रमाणे क्रम लावण्यापेक्षा हे कितीतरी बरे. आणि साथीदारांशी मुलांची सकाळी एकदा भेट होऊ द्या, निदान ठेक्याची लय तरी ठरवता येते. साथीदारांचे मानधन मुलांच्या पालकांकडून घेऊ नका, मंडळाने द्या. पालकाने पैसे दिले की साथीदारही त्याचा होतो आणि मुलाची चूक झाकत बसतो.

आवाज फुटणाऱ्या मुलांबद्दल थोडे अधिक. तेरा ते सोळा या वयात कितीतरी मुले गाणे सोडतात, आणि त्याला कारण बहुतेक वेळा एखादा जाहीर कार्यक्रम असतो, जिथे तार षड्ज लागला नाही आणि कोणी तरी हसले. अशा मुलाला त्या वर्षी सभेत तानपुऱ्यावर बसवा किंवा हार्मोनियमची साथ करू द्या. सभेत त्याची जागा राहिली पाहिजे. तानपुरे खरे ठेवा, निदान एक जोडी. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला माझी हरकत नाही, घरी मीही तोच लावतो, पण खरा तानपुरा धरून मोठ्या माणसाच्या मागे बसणे ही मुलाची पहिली हजेरी असते. त्या जागेवरून गाणे कसे ऐकू येते ते समोरच्या खुर्चीतून कधीच कळत नाही.

बक्षिसे ठेवावीत का, हे तुम्ही विचारले नाही, पण मंडळातले कोणी तरी ट्रॉफीचा आग्रह धरणारच. धरू द्या. स्पर्धा हवी असेल तर जालंधरसारखी आधीच्या दिवशी, वेगळी ठेवा. परीक्षक बाहेरगावचे घ्या, गावातल्या क्लासांची भांडणे टळतील. सभेच्या दिवशी मात्र कोण पहिला आला, कोण दुसरा, हे निवेदकाने उच्चारू नये. नाव, गुरूंचे नाव, राग, ताल, बस्स. आणि प्रायोजकाचा फलक मुलाच्या डोक्यामागे नको. फोटोत पोरापेक्षा बिल्डरचे नाव मोठे दिसते.

तारीख ठरवताना एक अडचण येईल. पुण्यतिथी तिथीने पाळली तर दरवर्षी सरकते आणि कधी शाळेच्या परीक्षेत येते. आम्ही तिथीला समाधीपाशी भजन करतो आणि सभा जवळच्या रविवारी ठेवतो. जुन्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षी कुरकुर केली, नंतर सवय झाली.

शक्य असेल तर यंदा डिसेंबरात मंडळातले दोघे-तिघे जालंधरला जाऊन या. मुख्य रात्री गर्दी असते आणि मोठी नावे तुम्हाला पुण्यातही ऐकायला मिळतात, तेव्हा स्पर्धेच्या दिवसांपासूनच तिथे राहा. मुलांना बसवतात कसे, साथ कोण करते, ऐकायला कोण येते, हे बघा. लोकरीचे कपडे भरपूर घ्या, आणि परतीचे रेल्वे तिकीट आधीच काढा, वर्षअखेरीस ऐनवेळी मिळत नाही.